मोठ्यांसाठी घरचे दाट चॉकलेट

वाचकहो, पौषातल्या एखाद्या संध्याकाळी गंगावेशीच्या दूधकट्ट्याजवळून जाणे झाले, तर क्षणभर थांबून पाहा. म्हशी ओळीने उभ्या असतात, गवळी गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढतो, आणि फेसाने काठोकाठ भरलेला पेला हातात येतो. परगावच्या पाहुण्याला हे नवल वाटते; कोल्हापूरकराला त्यात विशेष काही वाटत नाही. दूध हे प्रौढ माणसाने, तेही उभ्याने आणि चवीने प्यायचे पेय आहे, हे या गावाला कोणी शिकवावे लागलेले नाही. इतरत्र मात्र दूध म्हटले की शाळकरी मुले नाहीतर आजारी माणसे एवढेच डोळ्यांसमोर येते, आणि मोठ्यांच्या वाट्याला उरतो तो चहा.

थंडी पडू लागली तशी या सदराकडे एक विचारणा पुन्हा पुन्हा येऊ लागली: हॉटेलात मिळते तसे दाट, गरम चॉकलेट घरी, चांगले जिन्नस वापरून आणि मोठ्या माणसांना मानवेल असे करता येईल का? येईल. पण कृतीकडे वळण्यापूर्वी आमच्याच घरातली एक गोष्ट सांगणे मला भाग आहे, कारण ती घडली नसती, तर मी ही कृती इतक्या बारकाईने शोधलीच नसती.

आमचे आबा, म्हणजे माझे सासरे, आता चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. तरुणपणी ते तालमीत जात. कुस्ती सुटून पन्नास वर्षे झाली, पण 'खुराक' हा शब्द त्यांच्या तोंडातून गेलेला नाही. गेल्या वर्षी दाढा काढाव्या लागल्या आणि रात्रीची भाकरी चावेना. दोनाची एक झाली, एकीची अर्धी झाली. वजन पाच किलोंनी उतरले. नातवाला आजोबांची काळजी वाटली. त्याने बाजारातून चॉकलेटच्या तयार भुकटीचा मोठा डबा आणला. आबांना ते फार आवडले. सकाळ, दुपार, रात्र असे तीन पेले होऊ लागले, प्रत्येक पेल्यात शिगोशीग भरलेले दोन चमचे, आणि वर सवयीने चमचाभर साखर. आम्हाला सगळ्यांना बरे वाटत होते, की दूध तरी पोटात जाते आहे. तीन महिन्यांनी रक्ताची नेहमीची तपासणी झाली, तेव्हा साखरेने सीमारेषा ओलांडलेली होती. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो हाच, की दिवसभरात काय काय पिता?

घरी येऊन मी डबा हातात घेतला. इतरांना वेष्टणे वाचायला सांगणारी मी, आणि माझ्याच स्वयंपाकघरातल्या डब्याची मागची बाजू मी तीन महिने पाहिलेली नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. घटकांच्या यादीत पहिला शब्द होता साखर. कोको त्यानंतर. आपल्याकडे नियमच असा आहे, की वेष्टणावरचे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. म्हणजे जे सर्वांत जास्त, ते सर्वांत आधी. शंभर ग्रॅम भुकटीत सत्तर ग्रॅमहून अधिक साखर होती. शिगोशीग दोन चमचे म्हणजे सुमारे २० ग्रॅम भुकटी धरली, तर प्रत्येक पेल्यात १४ ग्रॅम साखर, आणि वरचा चमचा वेगळा. दिवसाचा हिशेब ५५ ग्रॅमच्या पलीकडे गेला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलेली मर्यादा पाहा: वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांहून कमी, आणि जमल्यास ५ टक्क्यांहूनही कमी असावी. दोन हजार कॅलरींच्या आहारात ही मर्यादा अनुक्रमे ५० आणि २५ ग्रॅम होते. आबांचा आहार तर तेवढाही नव्हता.

त्या डब्याने काही लपवले होते, असे मी म्हणणार नाही. सारे छापलेले होते. वाचले नव्हते ते आम्ही. मात्र अशा पेयांभोवती 'शक्ती', 'वाढ', 'आरोग्य' असे शब्द वर्षानुवर्षे फिरत राहिले, आणि आपण ते ऐकत आलो, हेही खरे. आपल्या अन्नसुरक्षा कायद्यात 'हेल्थ ड्रिंक' अशी व्याख्याच नाही. एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना अशी पेये 'हेल्थ ड्रिंक' या नावाखाली दाखवू नयेत, असे सांगितले, ते याच कारणाने.

डबा बंद झाला. पण मग आबांना द्यायचे काय? भाकरी चावत नाही, चहा किती पाजणार, आणि वजन तर भरून यायला हवे. उतारवयात स्नायू झिजतात. ती झीज रोखायची तर प्रथिने लागतात. वयस्क माणसाला शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे दिवसाला एक ते सव्वा ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे अनेक तज्ज्ञ सांगतात. अर्ध्या भाकरीवर आणि गोड पाण्यावर ते भागत नाही. या विवंचनेत आबांनीच एकदा कुरकुरत म्हटले, "तालमीत कुठं डबा हुता? बदाम घोटायचे, दूध वतायचं, झालं की."

हे ऐकले आणि उत्तर समोर आले.

कोल्हापूरच्या पैलवानांची थंडाई तुम्हाला ठाऊक असेल. राजर्षी शाहू महाराजांनी ज्या शहरात खासबागेचे मैदान उभे केले, त्या शहराला निराळे सांगायला नको. रात्री भिजवलेले बदाम, खसखस, मिरी, वेलदोडा हे सारे कुंडीत घालून सोट्याने लोण्यासारखे मऊ होईपर्यंत घोटायचे आणि दुधात मिसळायचे. हे खास मोठ्यांचे पेय. त्याचा दाटपणा साखरेतून येत नाही. तो बदामाच्या स्निग्धतेतून आणि घोटणाऱ्याच्या मनगटातून येतो. गोडी नंतरची, आणि बेताची. चॉकलेटचे मूळ रूप पाहिले, तर तेही असेच निघते. मध्य अमेरिकेतले जे लोक पूर्वीपासून कोको पीत, ते भाजलेल्या बिया पाट्यावर वाटून पाण्यात कालवत आणि त्यात मिरची, मक्याचे पीठ असे काहीबाही घालत. साखर त्यात नव्हती. ती स्पॅनिश लोकांनी नंतर आणली. मेक्सिकोत अजूनही मक्याच्या पिठाने दाट केलेले चॉकलेट पितात, त्याला 'चाम्पुर्रादो' म्हणतात. ते फेसाळण्यासाठी तिथे जे लाकडी उपकरण असते, ते दोन्ही तळव्यांमध्ये धरून फिरवतात. चित्र पाहिलेत, तर तुम्ही म्हणाल, ही तर आपली रवी!

तेव्हा मी ज्याला घरचे चॉकलेट म्हणते आहे, ती तालमीच्या थंडाईची हिवाळी, गरम भावंड आहे. त्यात बदाम आहेत, मक्याच्या जागी नाचणी आहे, आणि कडवटपणासाठी कोको आहे.

आता जिन्नस. दोन माणसांसाठी प्रमाण देते. पेले लहान घ्या, दीडशे मिलिलिटरचे.

म्हशीचे दूध ३५० मिलिलिटर. गायीचे चालेल, पण मग आटवावे थोडे जास्त लागेल. म्हशीच्या दुधात साडेसहा टक्क्यांच्या आसपास स्निग्धांश असतो, आणि पेयाला जी भरदार चव येते, तिचा मोठा वाटा त्याचा. याचे कारण जाणून घेण्यासारखे आहे. कोकोच्या बीमध्ये जवळजवळ निम्मी चरबी असते, तिला कोको बटर म्हणतात. १८२८ मध्ये हॉलंडमधल्या व्हान हाउटेन यांनी ती चरबी दाबून वेगळी काढण्याचे तंत्र आणले, आणि जी कोरडी पेंड उरली तिची भुकटी म्हणजे आजची कोको पावडर. म्हणजे कोको पावडर ही मुळात रुक्ष केलेली वस्तू आहे. ती पाण्यात किंवा साय काढलेल्या दुधात घातली, तर पेय पातळ आणि कडू लागणारच. मग ते झाकायला माणूस साखर वाढवत जातो. तुम्ही त्याऐवजी स्निग्धता परत द्या. कडवटपणा आपोआप गोल होतो आणि साखरेची गरज निम्म्यावर येते. सगळ्या कृतीचे मर्म एवढेच आहे.

कट्ट्यावरचे दूध आणलेत, तर एक गोष्ट निक्षून सांगते. धारोष्ण दूध पिण्याची आपल्याकडे हौस आहे, आणि मी स्वतः लहानपणी ते प्यालेली आहे. पण कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिससारखे आणि क्षयासारखे आजार माणसाकडे येऊ शकतात, आणि म्हैस दिसायला धष्टपुष्ट असली म्हणून तिच्या दुधाची खात्री देता येत नाही. वयस्क, गरोदर स्त्रिया, मधुमेही यांनी तर त्या वाटेला जाऊच नये. दूध घरी आणून पूर्ण उकळी येईपर्यंत तापवा, ढवळत आणखी दोन-तीन मिनिटे उकळू द्या, आणि मगच पुढच्या कामाला लागा.

कोको पावडर दोन मोठे चमचे, सपाट. म्हणजे १० ते १२ ग्रॅम. ती बिनसाखरेची हवी, आणि घटकांच्या यादीत कोकोखेरीज शक्यतो काही नसावे. काही पावडरींवर 'अॅसिडिटी रेग्युलेटर' असे लिहून पुढे ५००, ५०१ असा आकडा दिलेला असतो. त्याचा अर्थ ती क्षाराने सौम्य केलेली आहे. तिचा रंग गडद आणि चव मवाळ असते. अपायकारक काही नाही, मात्र कोकोतल्या ज्या फ्लॅव्हॅनॉल द्रव्यांचे कौतुक होते, ती या प्रक्रियेत बरीच घटतात. मी साधी, फिक्या रंगाची पावडर घेते. कोको ही फार दूरची वस्तू आहे, असेही समजू नका. कर्नाटक आणि केरळातल्या नारळी-पोफळीच्या बागांत तो आंतरपीक म्हणून पिकतो. मंगळूरची 'कॅम्पको' ही शेतकऱ्यांची सहकारी संस्था १९७३ मध्ये स्थापन झाली, आणि पुत्तूर येथे तिचा चॉकलेटचा कारखाना १९८६ पासून आहे. आपल्याच सह्याद्रीच्या दक्षिणेकडच्या उताराचा हा माल आहे.

सत्तर टक्के कोकोचे गडद चॉकलेट २० ग्रॅम, बारीक चिरून. हे ऐच्छिक आहे. रोजच्या पेल्यात मी ते घालत नाही. पाहुणे असले किंवा फार थंडी असली, तर घालते. त्यातून कोको बटर येते आणि पेयाला रेशमी पोत येतो. उरलेल्या तीस टक्क्यांत बहुतेक साखरच असते, हे धरून गूळ तेवढा कमी करावा.

बदाम आठ, रात्री भिजवलेले. आजरा-चंदगडकडचे काजू घरात असतील, तर चार बदाम आणि चार काजू असे करा. काजूने पोत जास्त मऊ येतो. खसखस घालायची असल्यास अर्धा चमचा पुरे.

नाचणीचे पीठ एक लहान चमचा, सपाट. ते कोरडेच मंद आचेवर खमंग वास सुटेपर्यंत भाजून घ्या. हॉटेलात दाटपणासाठी कॉर्नफ्लोअर घालतात. ते नुसता स्टार्च. नाचणीत १०० ग्रॅमला सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. अर्थात चमचाभरातून मिळते ते मोजकेच, तेव्हा त्याचा डांगोरा पिटायला नको. मी ती घालते ती चवीसाठी. भाजलेल्या नाचणीला जो किंचित मातकट, खरपूस गंध असतो, तो कोकोशी इतका जुळतो, की ओळखीच्या माणसालाही पत्ता लागत नाही. मात्र हात आवरा. दोन चमचे पडले, की चॉकलेटची अंबील होते. आमच्याकडे पहिल्या खेपेस झाली होती.

गूळ १५ ग्रॅम, म्हणजे सुपारीएवढे दोन खडे. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि आपल्याला त्याचा रास्त अभिमान आहे. पण दुकानात पिवळाधमक, डोळ्यांत भरणारा रवा दिसला, की थोडे थबका. गुऱ्हाळात रस स्वच्छ करण्यासाठी पूर्वापार भेंडीचा चिकट रस वापरतात. रंग उजळण्यासाठी काही जण सोडियम हायड्रोसल्फाइट वापरतात, त्याला बाजारात 'हायड्रॉस' म्हणतात. तांबूस-तपकिरी, थोडा मऊ गूळ घेतलेला बरा, आणि या पेयात त्याचीच चव जास्त खुलते. त्याचबरोबर एक गैरसमजही दूर करते. गूळ म्हणजे साखर नव्हे, असे मानून मधुमेही माणसे तो बिनधास्त खातात. गुळात थोडी खनिजे असतात, पण त्याचा बहुतांश भाग साखरच आहे, आणि रक्ताला त्यातला फरक फारसा कळत नाही. खजुराचेही तेच.

जायफळ किसणीवर दोनदा घासून येईल तेवढे, आणि दालचिनीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा. दोन्ही कोकणात उत्तम पिकतात. शेवटी मीठ, दोन बोटांच्या चिमटीत मावेल त्याच्या निम्मे. दुधात मीठ म्हटल्यावर काही वाचक नाक मुरडतील, याची मला कल्पना आहे. ज्यांच्या घरी विरुद्धाहाराचा नियम पाळतात, त्यांनी ते खुशाल वगळावे. त्यामुळे चव थोडी सपाट होईल, बिघडणार नाही.

कृतीत घाई नको. साऱ्याला वीस मिनिटे लागतात.

बदामाची साले काढून थोड्या दुधाबरोबर अगदी गंधासारखे वाटण करा. मिक्सरमध्ये कण राहतात. पाटा-वरवंटा असेल, तर शेवटचे दोन हात त्यावर फिरवा. जाड बुडाच्या पातेल्यात दूध दालचिनीसह उकळू द्या. उकळी आली की आच मंद करून कडेची साय सतत आत ढकलत राहा. दहा मिनिटांत ३५० चे ३०० वर येते. साय काढून टाकायची नाही, तीच आपल्याला हवी आहे. नाचणीचे पीठ दोन चमचे थंड पाण्यात कालवून, गुठळी मोडून, दुधात धारेने सोडा आणि चार-पाच मिनिटे ढवळा, नाहीतर कच्चट लागेल. मग बदामाचे वाटण घाला.

दूध आटते आहे तोवर कोकोकडे लक्ष द्या. कोको थेट दुधात टाकला, तर तो वर तरंगतो आणि गोळे होतात, कारण त्याच्या कणांना पाणी सहज भिजवू शकत नाही. तो वाटीत घ्या, त्यावर तीन-चार चमचे उकळते पाणी ओता आणि चमच्याच्या पाठीने रगडा. चकचकीत, काळसर लेप तयार होईल आणि वास एकदम खुलेल. थंड दुधात कालवलेल्या कोकोला हा वास येत नाही. हा लेप पातेल्यात घालून एक मंद उकळी द्या आणि गॅस बंद करा.

आता गूळ. तो उकळत्या दुधात टाकून दूध फाटल्याचा अनुभव गुळाचा चहा करणाऱ्या प्रत्येक घराने घेतलेला आहे. गूळ किंचित आम्लधर्मी असतो, त्यात क्षारही असतात. कडकडीत उष्णतेत हे दोन्ही मिळून दुधातली प्रथिने एकत्र गोळा करतात. साधा कोकोही आम्लधर्मीच, म्हणून इथे जास्त जपायचे. गूळ दोन चमचे पाण्यात वेगळा विरघळवून, एक उकळी देऊन गाळा. उसाची चोयटी, माती, काय काय निघते ते पाहून तुम्ही पुढे नेहमीच गाळाल. पातेले गॅसवरून उतरवून दोन मिनिटे थांबा आणि मग हे पाणी हळूहळू, ढवळत घाला. चिरलेले गडद चॉकलेट, जायफळ आणि मीठही याच वेळी. दालचिनीचा तुकडा काढून टाका. शेवटी रवी घ्या आणि दोन्ही तळव्यांमध्ये मिनिटभर जोरात फिरवा. वर बोटभर तांबूस फेस येतो, आणि तो विरण्याच्या आत प्यायला बसावे.

या लहानशा पेल्यात किती काय आहे, ते सांगणे मला आवश्यक वाटते. गडद चॉकलेट आणि गूळ दोन्ही घातले, तर एका पेल्यात सव्वातीनशे ते साडेतीनशे कॅलरी आणि ९-१० ग्रॅम प्रथिने येतात. म्हणजे ज्वारीच्या दोन मध्यम भाकऱ्या तुम्ही पेल्यातून घेता आहात. ज्याचे जेवण कमी झाले आहे, वजन उतरते आहे, त्याला हे वरदान. पण दिवसभर खुर्चीत बसून काम करणारा माणूस व्यवस्थित जेवून, वर हा पेला रोज घेऊ लागला, तर महिनाभरात कमरेचा पट्टा सांगेल. पैलवानाचा खुराक पैलवानाच्या अंगी लागतो, कारण तो पहाटे शेकडो जोर-बैठका काढतो. तेव्हा तुमचे जेवण नीट चालू असेल, तर हा पेला आठवड्यातून एकदा-दोनदा, आणि त्या संध्याकाळी जेवण हलके, असे धरून चला.

कोकोच्या गुणांविषयी वर्तमानपत्रांतून बरेच छापून येते. कोकोतली फ्लॅव्हॅनॉल रक्तवाहिन्यांची लवचीकता राखण्यास मदत करतात, याला आधार आहे. पण अमेरिकेत २१ हजारांहून अधिक वयस्कांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत कोकोच्या अर्काने हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचे एकूण प्रमाण लक्षणीय घटले नाही. हृदयविकाराने होणारे मृत्यू काहीसे कमी दिसले, परंतु तो त्या अभ्यासाचा मुख्य निष्कर्ष नव्हता, आणि तिथे दिली होती ती कॅप्सूल, आपला गोड पेला नव्हे. म्हणून हे औषध समजून पिऊ नका. आवडते म्हणून प्या.

काहींनी मात्र सांभाळून. ज्यांना मूतखड्याचा, विशेषतः ऑक्झलेटच्या खड्याचा त्रास आहे, त्यांनी कोको आणि बदाम दोन्ही टाळलेले बरे. दोहोंत ऑक्झलेट भरपूर असते. आम्लपित्त असणाऱ्यांना चॉकलेटने रात्री छातीत जळजळ वाढते. अर्धशिशी असलेल्यांपैकी काहींना ते सोसत नाही. लोहाची गोळी चालू असेल, तर तिच्यात आणि या पेल्यात दोन तासांचे अंतर ठेवा, कारण दुधातले कॅल्शियम आणि कोकोतली द्रव्ये लोह शोषू देत नाहीत. मूत्रपिंडाचा विकार असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. कोकोत चहापेक्षा कमी कॅफीन असले, तरी थिओब्रोमीन नावाचे दुसरे उत्तेजक असते आणि त्याचा परिणाम रेंगाळतो. झोप नाजूक असलेल्यांनी पेला निजताना न घेता सहा-सातच्या सुमारास घ्यावा. आणि घरात कुत्रा असेल, तर पातेले चाटायला त्याच्यापुढे ठेवू नका. हेच थिओब्रोमीन कुत्र्याला विषारी ठरते.

आबांचा पेला यापेक्षा थोडा वेगळा होतो. त्यांच्या डॉक्टरांना विचारून आम्ही तो रात्रीच्या जेवणातच धरला: वरण, भाजी, मऊ भात थोडा, आणि त्यानंतरचे दूध म्हणून हा पेला. सुरुवातीला गूळ घातला, मग दर आठवड्याला थोडा थोडा कमी करत महिन्याभरात शून्यावर आणला. एकदम बंद केला असता, तर त्यांनी पेला परत पाठवला असता. हळूहळू केल्यावर जिभेने कडू ओळखायला आणि सोसायला वेळ घेतला, एवढेच. गोडीचा भास दालचिनी आणि भाजलेली नाचणी देतात. बिनगुळाचा पहिला पेला पिऊन त्यांनी बराच वेळ काही म्हटले नाही. मग म्हणाले, "सूनबाई, कडू हाय खरं, पण घशाखाली गेल्यावर ताकद आल्यागत वाटतंय बघ." पुढच्या तपासणीत साखर खाली आली होती. त्याचे श्रेय डबा बंद होण्याला, रोजच्या रंकाळ्यावरच्या फेरीला आणि डॉक्टरांच्या गोळीला आहे. पेल्याला मी ते देणार नाही. वजन मात्र दोन किलोंनी भरून आले आहे.

एक शेवटची सूचना. उरलेले चॉकलेट फ्रीजमध्ये ठेवले, तर नाचणीमुळे सकाळपर्यंत खिरीसारखे थिजते. ते पुन्हा गरम करताना थोडे दूध घालून अगदी मंद आचेवर ढवळा. उकळी येऊ देऊ नका, गूळ आत आहे. किंवा तसेच, गार, चमच्याने खा. आमच्याकडे ते सकाळपर्यंत उरत नाही, कारण रात्री उशिरा फ्रीजचे दार हळूच उघडल्याचा आवाज येतो, आणि तो आबांचा नसतो.